न मानवणारे अन्न आणि रोजचे ताट

मराठीत ‘मानवणे’ हे मोठे उपयोगी क्रियापद आहे. हवा मानवते, पाणी मानवते, अन्न मानवते किंवा मानवत नाही. ‘मला दूध मानवत नाही’ असे कोणी म्हटले की आपण त्याला नाजूक ठरवतो आणि आग्रहाने पेलाभर दूध पुढे करतो. वास्तविक त्या साध्या वाक्यात शरीरशास्त्राचा एक अख्खा धडा असतो. गेली काही वर्षे आमच्या घरी या धड्याचा रोज अभ्यास चालू आहे. तो महाविद्यालयीन वाचकांच्या, विशेषतः खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

मी मूळचा बालाघाटचा. नकाशात पाहिल्यास मध्यप्रदेशाच्या दक्षिण टोकाला, गोंदियाच्या वर हा जिल्हा दिसेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते. मग भंडारा मुंबई राज्यात गेला व आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. बोली मात्र सरहद्द पाहून बदलत नाही, आणि ताटही बदलत नाही. आमचे ताट भाताचे. आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बैहरच्या डोंगराळ भागात गोंड व बैगा लोकांच्या घरी कोदो-कुटकी आणि पेज. गहू आमच्याकडे पाहुण्यासारखा, पोळ्या-पुऱ्यांच्या रूपाने आला आणि हळूहळू घरचा झाला.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या पाहिजेत, कारण बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. पहिली गोष्ट विष. ते कोणालाही बाधते. याचे उदाहरण आमच्या शेतातच आहे. भाताच्या उभ्या पिकात ओल असतानाच लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत आमच्याकडे जुनी. ही लाखोळी, म्हणजे खेसारीची डाळ, महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सागरकडची हकीकत लिहून ठेवली आहे: गहू लागोपाठ बुडाला, लोक या डाळीवर जगले आणि १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुण माणसे कमरेखाली पंगू होऊ लागली. डाळीतील ओडॅप नावाचे अमिनो आम्ल त्याला कारण, हे पुढे १९६० नंतरच्या दशकात कळले. तिच्या विक्रीवर बंदी १९६१ सालीच आली होती. कोदोचेही तसेच. ओल लागून बुरशी आलेला कोदो खाल्ला की माणसाला गुंगी येते, हे खेड्यातली म्हातारी माणसे जाणतात. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बांधवगढच्या जंगलात दहा हत्ती मेले, तेव्हा तपासणीत याच बुरशीचे विष आढळले. यात कोदोचा दोष नाही, बुरशीचा आहे.

दुसरी गोष्ट वावडे, म्हणजे ॲलर्जी. येथे शरीराची संरक्षणयंत्रणाच निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजते. शेंगदाण्याचे किंवा कोळंबीचे वावडे असलेल्या माणसाला कणभर पदार्थानेही अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून जीवावर बेतते. येथे ‘थोडे खाऊन पाहा’ हा आग्रह गुन्ह्याच्या जवळ जातो.

तिसरी गोष्ट, नुसते न मानवणे. हा प्रश्न बहुधा मात्रेचा असतो. दुधाचेच घ्या. दुधात लॅक्टोज ही साखर असते, गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, तेव्हाच ती रक्तात शिरते. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते. जगातल्या बहुसंख्य माणसांत ते वयाबरोबर ओसरते. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तेथले जिवाणू तिच्यावर ताव मारून वायू तयार करतात. पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. हा रोग नव्हे. उलट मोठेपणी दूध पचवणे हाच मानवजातीतला अपवाद म्हणावा लागेल. आमच्या बाबांना पेलाभर दूध चालत नाही, पण दोन वेळचा चहा खुशाल चालतो, कारण विकर ओसरलेल्या पुष्कळ माणसांनाही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता पचते. दही त्याहून बरे. विरजणाचे जिवाणू काही साखर स्वतः खातात आणि उरलेली फोडायला पोटात मदतही करतात. खवा मात्र आटवलेले दूध, म्हणजे आटवलेले लॅक्टोज. पेढ्याने पोट बिघडले की आपण दुकानदाराला बोल लावतो. तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

आता ज्यामुळे आमच्या घरात हा सगळा विचार शिरला ती गोष्ट. माझी वहिनी जबलपूरकडची, गव्हाच्या मुलखातली. लग्नानंतर दोन वर्षे तिचे रक्त वाढेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झाले. वजन उतरतच गेले आणि पोट सदा बिघडलेले. घरातल्या बायकांनी ‘मनाला लावून घेते’ असे निदान करून टाकले होते. अखेर नागपूरला रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून परीक्षा झाली. सिलिॲक रोग निघाला. गहू व जव यांतील ग्लुटेन हे प्रथिन अशा माणसाच्या लहान आतड्यात दाह निर्माण करते, अन्नरस शोषणारे मखमलीसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. लोह शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. तीच जागा झिजली तर गोळ्यांचा काय उपयोग? हा रोग वर सांगितलेल्या तीन खणांपैकी कोणत्याच खणात नीट बसत नाही. त्यात संरक्षणयंत्रणेचा भाग आहे, पण ते रूढ अर्थाने वावडे नव्हे. आणि ‘थोडे चालेल’ हा नियम येथे मुळीच लागू नाही. चिमूटभर कणीकही नको, तीही जन्मभर.

गव्हाचा हा गुण कसा कळला तेही ऐकण्यासारखे आहे. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला युद्धापूर्वीच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असताना त्याचे हे रोगी सुधारू लागले. पाव परत आला, दुखणेही परत आले. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा विकार असावा असे पाहणीत दिसले आहे; दक्षिणेत तो पुष्कळ कमी आढळतो.

येथे एक सूचना आग्रहाने करतो. हल्ली वजन कमी करण्यासाठी किंवा कोणीतरी सांगितले म्हणून गहू सोडण्याची टूम निघाली आहे. गहू सोडून दोन-तीन महिने झाल्यावर तपासणी केली तर प्रतिपिंडे उतरलेली असतात आणि खरा रोगीही निरोगी ठरू शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. काही जणांना गव्हाने पोट फुगते ते ग्लुटेनमुळे नव्हे, तर गव्हातील फ्रुक्टन या शर्करासाखळीमुळे. हीच साखळी कांद्यात व लसणात असते. माझा धाकटा भाऊ त्यातला. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून आई त्याच्यासाठी तेलात लसूण परतून काढून टाकते; वास राहतो, त्रास जातो. रसायनशास्त्राचा इतका चवदार उपयोग मला वर्गात कधी दाखवता आला नाही.

तेव्हा एका घरात एकीला गहू नाही, एकाला दूध नाही, एकाला कांदा-लसूण नाही. तीन चुली मांडायच्या का? आईने हिशेब उलटा केला. काय नको याची यादी करण्याऐवजी सगळ्यांना काय चालते ते तिने मांडले, आणि ती यादी लांबच लांब निघाली: तांदूळ, पोहे, मुरमुरे, ज्वारी, मका, कोदो, कुटकी, नाचणी, मूग, तूर, शेंगदाणे, तीळ, मासळी आणि झाडून सगळी फळे. आमच्या आजीचे ताट तर हेच होते! सकाळी पोहे किंवा तांदळाची धिरडी आणि एक पेरू. दुपारी भात, मुगाचे वा तुरीचे वरण, शिजवलेली पालेभाजी, वर लिंबू, आणि पाव ताट भरेल इतकी कच्ची कोशिंबीर. रात्री ज्वारीची भाकरी किंवा कोदोचा भात, ताक आणि एक फळभाजी. बाबांच्या कॅल्शियमची भरपाई नाचणीने होते. दुधात १०० ग्रॅमला सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर नाचणीत सुमारे ३६०. तिळात याच्याही कितीतरी पट. वैनगंगेची बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली तर तीही या कामाची.

वहिनीचे खरे शत्रू मात्र पोळी-पुरी नव्हते. ती दिसतात तरी. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच तव्यावर भाजलेली भाकरी, गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारी, कुरकुरीतपणासाठी भज्यात टाकलेला रवा, ही सगळी लपलेली कणीक. आम्ही वेगळा तवा ठेवला, डबीवरची घटकांची यादी वाचायला शिकलो आणि गिरणीचा नाद सोडून घरी छोटी चक्की घेतली. सुरुवातीला तिला दूधही पचत नव्हते, कारण लॅक्टेज त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होते. आतडे भरून आल्यावर दूध आपोआप मानवू लागले.

आता कच्च्याविषयी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तर अर्धे ताट त्यांनीच भरावे म्हणते. त्यातला काही भाग कच्चा असावा याचे मुख्य कारण क जीवनसत्त्व. ते उष्णतेने नासते आणि शिजवलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते. ते जेवणातच असले तर डाळी-पालेभाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. वरणावर लिंबू पिळणे ही निव्वळ चवीची बाब नाही. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, आवळ्यात त्याहीपेक्षा जास्त. आणि दोन्ही आमच्याकडे शहरातल्या सफरचंदापेक्षा स्वस्त. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाला अडवतो. तो तासभर लांबवावा. (बाबा अजून लांबवीत नाहीत.)

पण कच्चे तेवढे चांगले, ही भाबडी समजूत. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन शिजवून, थोड्या तेलाबरोबर अधिक मिळते. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर ओकाऱ्या होतात. धोप्याच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून ती चिंचेबरोबर चांगली शिजवायची. बांबूचे कोंब उकळून पाणी फेकल्याखेरीज खायचे नाहीत. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर एक घोटही नको, त्याने माणसे दगावली आहेत.

म्हणून आमचे कच्चे ताट ऋतूप्रमाणे फिरते. हिवाळा सर्वांत संपन्न: मुळा, गाजर, टोमॅटो, कोवळा वाटाणा, ओला हरभरा, पेरू, बोरे, आवळा. उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूतली काकडी व टरबूज, कच्चा आंबा. मग जंगलातली चार आणि तेंदू, आणि पावसाच्या तोंडाशी जांभूळ. पावसाळ्यात मात्र आई हात आखडते. पाणी गढूळ, पाला चिखलाने माखलेला; त्यातून जंताची अंडी, अमीबा, विषमज्वराचे जंतू पोटात जातात. मिठाच्या पाण्यात बुडवले की सारे मरते ही समजूत खरी नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुणे हेच खरे. म्हणून पावसात सोलून खाता येईल तेवढेच कच्चे, म्हणजे काकडी आणि केळी. मोडाचे मूगसुद्धा वाफवून. आणि ज्याला कच्च्याची सवय नाही त्याने एकदम वाडगाभर खाऊ नये; वहिनीने किसलेल्या, सोललेल्या काकडीच्या दोन चमच्यांपासून सुरुवात केली.

या बाबतीत आपल्या महाविद्यालयातील कन्नड मित्रांकडून मी पुष्कळ शिकलो. भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरे आणि लिंबू यांची त्यांची कोसंबरी म्हणजे आमच्या कोशिंबिरीची सख्खी बहीण, पण डाळीमुळे अधिक सकस. ज्वारीच्या रोट्टीबरोबर कच्ची मेथी खाण्याची त्यांची रीत मी बालाघाटला नेली तेव्हा आई म्हणाली, “अरे, मेथी गुरासारखी का खातोस?” आता ती स्वतःच थंडीत कोवळी जुडी निवडून बाजूला ठेवते.

स्वतःला काय मानवत नाही हे शोधायचे असेल तर खर्च एका वहीचा आहे. दोन आठवडे जे खाल्ले ते आणि पोटाची तक्रार, दोन्ही वेळेसह लिहावे. संशय येईल तो एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करावा आणि मग थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करून पाहावा. एकदम पाच पदार्थ सोडले तर गुन्हेगार कळत नाही आणि माणूस उगाच वाळतो. मात्र ही रीत दूध-कांद्यापुरती; अंगावर सूज, श्वास लागणे, वजन उतरणे, रक्त न वाढणे असे काही असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

वहिनीचे हिमोग्लोबिन वर्षभरात वाढले. लग्नकार्यात ती स्वतःचा डबा नेते. पहिल्या वर्षी लोकांनी नाके मुरडली, आता यजमानीणच विचारते की साधा भात आणि फोडणी न दिलेले वरण वेगळे काढून ठेवू का. फोडणी का नको, हे मात्र दर वेळी हिंगाच्या डबीपासून समजावून सांगावे लागते.