मातीच्या ठोकळ्यांत रोपें तयार करण्याची पद्धति

भाजीपाल्याच्या पिकाचें बरेंचसें भवितव्य रोपांच्या वाफ्यावरच ठरतें, हें आमच्या बागाइतदारांस नव्यानें सांगावयास पाहिजे असें नाहीं. पूर्वीं हीं रोपें सर्वत्र गादीवाफ्यांत करीत. आजही पुष्कळ गांवीं तीच रीत आहे. परंतु संकरित बियाण्याचा प्रसार झाल्यापासून एकेका बियास मोल आलें. वाफ्यांतून रोप उपटतांना त्याचीं कोवळीं मुळें तुटावीं व दहांपैकीं दोन-तीन रोपें शेतांत माना टाकून मरावीं, हा तोटा सोसण्यासारखा राहिला नाहीं. म्हणून प्लास्टिकचे खणांचे ट्रे आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास सर्वजण कोकोपीट म्हणतात, यांवर रोपें वाढविण्याची चाल पडली. ९८ खणांचा काळा ट्रे आतां कोणत्याही रोपवाटिकेंत दृष्टीस पडतो.

या ट्रेनें उपकार केले नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. रोप मुळांसकट निघतें, एका बियास एक रोप मिळतें, आणि ट्रे गाडींत रचून दूरवर नेतां येतात. पण त्याचे दोषही आतां ध्यानांत येऊं लागले आहेत. पातळ ट्रे कांहीं फेऱ्यांतच चिरतो आणि पुढें बांधावर किंवा ओढ्यांत जाऊन पडतो. निर्जंतुक न करतां पुन्हां वापरला तर मागच्या रोपांची मर पुढच्या रोपांस देतो. तिसरा दोष मुळांचा. खणाच्या भिंतीस मूळ लागलें कीं तें वळतें, खालीं जातें व तळाशीं वेटोळें घालूं लागतें. रोप वेळेवर लागलें तर यानें फारसें बिघडत नाहीं; परंतु आमच्याकडे लागण लांबणें हें नेहमींचेंच आहे. पाऊस येत नाहीं, मजूर मिळत नाहींत, विहिरीवर वीज नसते. टोमॅटोचें पंचवीस-तीस दिवसांचें रोप चाळीस दिवस खणांत कोंडून राहिलें म्हणजे त्याचा वेटोळ्याचा गोळा बनतो, आणि शेतांत लावल्यावरही तें बरेच दिवस आहे तेथेंच उभें राहतें.

या तिन्ही अडचणींस एक जुनें उत्तर आहे. तें म्हणजे मातीचा ठोकळा. चाळलेलें खत, माती व भुसा यांचें ओलें मिश्रण लोखंडी सांच्यांत दाबून भरावयाचें, दट्ट्यानें बाहेर ढकलावयाचें, आणि माथ्यावर पडलेल्या खळग्यांत बीं टाकावयाचें. येथें भांडें निराळें नाहीं. माती हेंच भांडें. ठोकळ्याच्या चारी बाजूंस भिंतीऐवजीं हवा असते. मूळ वाढत कडेशीं आलें कीं कोरड्या हवेनें त्याचें टोंक थांबतें, आणि मागच्या भागास नवीं उपमुळें फुटतात. अशा रीतीनें सारा ठोकळा बारीक मुळांच्या जाळ्यानें भरतो, आणि शेतांतील ओल्या मातीचा स्पर्श होतांच तीं सर्व टोंकें एकदम बाहेर पडतात. मात्र यासाठीं दोन ठोकळ्यांत पाव इंचाची तरी फट पाहिजे. ते एकमेकांस चिकटवून ठेवले तर मुळें शेजाऱ्याच्या घरांत शिरतात व सर्व लाभ जातो.

ही युक्ति पाश्चात्य यंत्रयुगांतील आहे असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाहीं. मेक्सिकोच्या दरींतील सरोवरांत अ‍ॅझटेक लोक गाळ व पाणवनस्पति यांचे थर रचून शेतें तयार करीत. त्यांस चिनांपा म्हणतात. १५२१ सालीं त्यांचें राज्य स्पॅनिश लोकांनीं बुडविलें, पण सोचिमिल्को येथें हीं शेतें अद्याप पिकतात. तेथील माळी कालव्यांतला काळा गाळ काढून वाफ्यावर सारखा पसरतात, तो थोडा आळला म्हणजे सुरीनें त्याचे चौकोन कापतात, प्रत्येकांत काडीनें वा बोटानें भोंक पाडून बीं टाकतात व वरून बारीक खत पेरतात. रोप झालें कीं तो चौकोन तसाच उचलून शेतांत बसवितात. युरोपांत याच कल्पनेस पुढें सांच्याचें रूप आलें, आणि इंग्लंडांत लॅडब्रुक या नांवाचे हातसांचे बनूं लागले. अमेरिकेंत मेन राज्यांतील शेतकरी एलियट कोलमन यांनीं १९८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या पद्धतीचें सविस्तर वर्णन केल्यापासून तिकडील लहान बागाइतदारांत तिचा बराच प्रसार झाला.

आतां खरा प्रश्न मिश्रणाचा. तिकडे दलदलींतला पीट वापरतात. तो आमच्याकडे नाहीं, व दुरून आणविण्याचें कारणही नाहीं, कारण काथ्याचा भुसा त्याची जागा घेतो. पण भुसा एकटा घेतल्यास ठोकळा बांधला जात नाहीं. सांच्यांतून निघाला कीं ढासळतो. त्यास धरून ठेवण्यास चिकण अंश पाहिजे, आणि तो कोठून घ्यावा येथेंच देशपरत्वें भेद येतो. देशावरील काळी माती चिकट असते म्हणून ती भरपूर घ्यावी असें प्रथम वाटतें. तसें करूं नये. ती ओली असतां फुगते व वाळतांना तडकते. तिचा ठोकळा दोन दिवसांत भेगाळून बियास उघडें पाडतो. नदीकांठचा पोयटा किंवा तळ्याचा उन्हांत वाळविलेला गाळ याकामीं सर्वांत उत्तम. कोंकणांतील तांबडी मातीही चालते, पण तिच्यासोबत खताचें प्रमाण थोडें वाढवावें लागतें.

आरंभ करण्यास तीन घमेलीं भुसा, दोन घमेलीं पूर्ण कुजलेलें व चाळलेलें शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलें पोयटा हें प्रमाण धरावें; पुढें आपल्या मातीप्रमाणें कमी-अधिक करावें. भुसा दोन-तीन पाण्यांनीं धुतलेला असावा, नाहींतर त्यांतील क्षार रोपांस बाधतात. सर्व जिन्नस पाव इंची चाळणींतून काढावे. खत अर्धें कच्चें असेल तर हा उद्योग त्या वर्षापुरता सोडून देणें बरें.

मर रोगाची बुरशी मातींतूनच येते. यासाठीं पोयटा एप्रिल-मे महिन्यांत ओला करून पारदर्शक कागदाखालीं चार ते सहा आठवडे कडक उन्हांत तापवावा. प्लास्टिक टाळण्याकरितां लिहिलेल्या लेखांत पुन्हां प्लास्टिकच आलें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, परंतु एक कागद जपून पुष्कळ वर्षें वापरतां येतो. खतांत ट्रायकोडर्मा मिसळून तें आठ-दहा दिवस सावलींत ओलें ठेवल्यास आणखी संरक्षण मिळतें.

पाणी घालण्यांत नवशिके बहुधा हात आंखडतात. कुंडी भरण्याच्या मातीपेक्षां हें मिश्रण बरेंच ओलें लागतें. तीन भागांस सुमारें एक भाग पाणी, आणि मुठींत आवळतां बोटांच्या फटींतून पाणी ओघळलें पाहिजे. असें मिश्रण रात्रभर मुरूं द्यावें. सांचा त्यांत जोरानें दोन-तीनदां रोंवून भरावा व प्रत्येक खेपेस पाण्यांत बुडवून घ्यावा. विकतचा सांचा न मिळाल्यास गांवचा लोहार चौकोनी नळीच्या तुकड्यांत दट्ट्या बसवून देऊं शकेल. आणि तेंही न साधलें तर मेक्सिकोच्या माळ्यांप्रमाणें फळीवर दीड इंच थर पसरून सुरीनें चौकोन पाडावे व मग ते सुटे करून फट ठेवावी.

हें सर्व वाचून एकरभर टोमॅटोची तयारी करूं पाहणाऱ्यानें आधीं पुढील हिशेब पाहावा. ४ फूट × १॥ फूट अंतरानें एकरीं ७२६० रोपें बसतात. दोन इंची ठोकळ्यांत सुमारें १२५ घनसेंटिमीटर मिश्रण मावतें, म्हणजे एकंदर ९०० लिटरांहून अधिक ओला माल झाला. दीड इंची घेतला तरी ४०० लिटर, आणि वजन जवळजवळ तितकेच किलो. इतक्याच रोपांस ट्रे ७५ लागतात, व ट्रेमागें सव्वा किलो भुसा धरला तर सारें वजन शंभर किलोंच्या आंत राहतें. एका वेळीं चार ठोकळे देणाऱ्या हातसांच्यानें हें काम करावयाचें तर सांचा १८१५ वेळां दाबावा लागेल. फटींसह जागा दोन इंची ठोकळ्यांस सुमारें २५५ चौरस फूट लागेल, दीड इंचींस १५५. शिवाय उगवणीसाठीं ट्रे एकावर एक रचून झांकतां येतात, तसे हे रचतां येत नाहींत. तेव्हां रोपें विकणारास व लांब पाठविणारास ट्रे सोडण्याचा आग्रह करणें व्यर्थ आहे.

परंतु कारलें, दोडका, कलिंगड, पपई यांची गोष्ट वेगळी. यांचीं मुळें दुखावलेलीं यांस मुळींच खपत नाहीं. म्हणूनच तीं आजवर जाग्यावर टोकीत किंवा पिशव्यांत लावीत. कारल्यास ८ फूट × ३ फूट अंतर धरलें तर एकरीं १८१५ वेल पुरतात, म्हणजे त्याच चारी सांच्याचे साडेचारशें दाब. दोन माणसांस तें जड नाहीं. घरची वांगीं-मिरची लावणारास, किंवा पाऊण एकरांत चार प्रकारच्या भाज्या करणारास, ही पद्धति निःसंशय परवडते. तिला विकत घ्यावें लागतें तें बहुतेक भुसा तेवढाच. लागण आठवडाभर लांबली तरी दोन इंची ठोकळ्यांतील रोप खणांतल्या रोपाइतकें आंखडत नाहीं, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

पहिले आठ दिवस जपण्याचे. मुळांनीं बांधला जाईपर्यंत ठोकळा पाण्याच्या धारेनें विरघळतो, म्हणून फवाऱ्यानेंच किंवा फळीखालून पाणी पाजावें. पांचही बाजू उघड्या असल्यामुळें तो ट्रेपेक्षां लवकर सुकतो. उन्हाळ्यांत सावलीच्या जाळीखालींही दिवसांतून तीन वेळां पाहावें लागतें, आणि एकदां भुसा पार वाळला म्हणजे पुन्हां पाणी धरावयास कुरकुरतो. मुंग्या बीं पळवितात, यास्तव फळ्या विटांवर ठेवून विटांभोंवतीं राखेची रेघ ओढावी. टोमॅटो-मिरचीवर पांढरी माशी व फुलकिडे बसूं नयेत म्हणून बारीक विणीची जाळी सर्व बाजूंनीं लावणें येथेंही चुकत नाहीं. तीन आठवड्यांनंतर पानें फिकीं दिसूं लागल्यास ठोकळ्यांतील खत संपत आलें असें समजून गांडूळपाणी पातळ करून द्यावें.

लागणीपूर्वीं चार-पांच दिवस पाणी कमी करावें, पण निघण्याच्या सकाळीं ठोकळा पुरता भिजवावा. सरी आदल्या दिवशीं ओली केलेली असावी. ठोकळा बसवितांना त्याचा माथा जमिनीच्या किंचित् खालीं जाऊन वरून बोटभर माती आली पाहिजे. माथा उघडा राहिला तर वारा त्यांतून ओल शोषून घेतो, आणि भोंवतालची जमीन ओली असतांही आंतलीं मुळें दुपारपर्यंत कोरडीं पडतात.