पंचायतीतला डबा बंद करू नका!

मिहानच्या आयटी कंपन्यांत यंत्र अडले की पडद्यावर लगेच इशारा उमटतो. भारतनेटच्या ग्रामपंचायतीतल्या डब्यावरही अशीच दुरून नजर असते. १९८८ पासूनची एसएनएमपी ही पद्धत. नियंत्रण कक्ष यंत्रांची ठरावीक वेळाने विचारपूस करतो आणि बिघाड झाला तर यंत्र स्वतःहून निरोप धाडते.

वीज गेली तर बरेच डबे विझता विझता तेवढे वर कळवतात. जेसीबीने केबल तोडली तर मात्र निरोपाला वाटच नाही, वर नुसती शांतता! यावरूनच लाइनमन पाठवायचा की विजेची वाट पाहायची, हे ठरते.

म्हणून सरपंचसाहेब, संध्याकाळी कुलूप लावताना डब्याचे बटण दाबू नका. रोजच्या फुकट इशाऱ्यांत खरा बिघाड झाकला जातो, अन् सातबाऱ्याला आलेला शेतकरी ताटकळतो.