‘आवड’ तपासायची कशी?

‘एशियन नकोत.’ गे पुरुषांच्या डेटिंग प्रोफाइलवर असं लिहिणाऱ्याला हटकलं, की उत्तर ठरलेलं: ही माझी आवड, यात वंशवाद कुठला? तुम्हाला संशोधन करायचंय, तर चिडून भागणार नाही. हा दावा तपासायला हवा.

ऑस्ट्रेलियात कॅलँडर आणि सहकाऱ्यांनी मे २०११ मध्ये २१७७ गे आणि बायसेक्शुअल पुरुषांचा ऑनलाइन सर्व्हे घेतला. अशा प्रोफाइलबद्दलचं मत आणि एकूण वंशवादी दृष्टिकोन, दोन्हींसाठी वेगळं रिग्रेशन केलं. मामला खरंच निव्वळ आवडीचा असता, तर दोन्हींशी जोडलेले घटक वेगळे निघायला हवे होते. ते जवळपास सगळे जुळले. अर्थात हा सहसंबंध आहे, आणि मोजलंय ते मत. प्रत्यक्ष आकर्षण नव्हे.

मग आवड घडते कुठे? रिचर्ड फंग यांचा १९९१ चा निबंध वाचा. मोजके गे पॉर्न व्हिडिओ, टक्केवारी नाही. (आम्हा सायन्सवाल्यांना हे आधी संशोधन वाटतच नाही!) त्यांना दिसलं, की पूर्व आशियाई पुरुष बहुतेक वेळा दबून राहणारा, आणि सगळी मांडणी गोऱ्या प्रेक्षकाच्या सुखासाठी. ‘बॉटम’ असणं कमीपणाचं, असं ते म्हणत नाहीत. त्याच्या वाट्याला तेवढंच का, हा त्यांचा आक्षेप.

आज पॉर्न साइटवर वंश हा चक्क टॅग असतो. नुसते टॅग मोजलेत, तर साइटने पाडलेले कप्पेच तुमच्या डेटात उतरतील. भूमिका, संवाद, कॅमेरा कुणाच्या नजरेने फिरतो, हे स्वतः बघून वेगळं कोड करा.