हस्तलिखितांच्या प्रतिमांचें रूपांतर

पोथ्यांच्या व मोडी कागदांच्या अंकीय प्रतिमा जमविणाऱ्यांत, टिफ् व जेपेग हा केवळ नामभेद आहे, असा समज आमच्या आढळांत येतो. तो भ्रामक होय. १९८६ सालीं निघालेल्या टिफ् प्रकारांत सामान्यतः प्रत्येक बिंदूचा रंग जसाच्या तसा राहतो. १९९२ सालच्या जेपेग पद्धतींत चित्राचे ८×८ बिंदूंचे चौरस पाडून, डोळ्यास सहसा न जाणवणारा सूक्ष्म भेद टाकून देतात. त्यामुळें फाइल लहान होते. परंतु बोरूच्या रेघेची कड किंवा अनुस्वाराचें टिंब अस्पष्ट होण्याचा संभव असतो. अशा जेपेगचें पुनः टिफ् केल्यानें फाइल फुगते, गेलेला अंश परत येत नाहीं. नकलेवरून नक्कल करतांना लेखकप्रमाद वाढतात, तद्वत् जेपेगांत फेरफार करून तें वारंवार साठविल्यानें हानि वाढते.

सबब संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, मूळ टिफ् मातृकेप्रमाणें जपावें व पाठविण्यापुरतें जेपेग त्यावरूनच काढावें. एकहि बिंदु न गमावतां आकार कमी करणें असल्यास १९९६ सालचा पीएनजी प्रकार योजावा. पाठनिर्णय ज्या प्रतिमेवरून केला, तिचा प्रकारहि नमूद करावा. कारण संशयित टिंब शाईचें कीं जेपेगचें, हें मूळ प्रतिमेवांचून ठरविणें कठिण.