पहारा शिकविणारे गुरू

उज्जयिनीच्या रामघाटावर क्षिप्रेचे स्नान आटोपून यात्रेकरू वर आला, की तीर्थोपाध्याय त्याला विचारतात : गाव कोणते, आडनाव काय, आजोबांचे नाव काय? उत्तरे जुळली, की कापडात बांधलेली वही सोडली जाते आणि वाडवडिलांच्या यात्रेची नोंद, कित्येकदा त्यांच्याच हस्ताक्षरात, नातवासमोर येते. नुसते नाव सांगून येथे भागत नाही; घराण्याची खूण पटावी लागते. संगणक-सुरक्षेचे शास्त्र सुरू होते तेही याच प्रश्नापासून : समोर आलेला मनुष्य तोच आहे, हे कशावरून?

मात्र या दोन विद्यांत एक मोठा भेद आहे. उपाध्यायांची विद्या बापाकडून मुलाकडे येते. संगणक-सुरक्षेच्या अध्यापकांना असे घराणे नाही. हे शास्त्र अवघे साठ-एक वर्षांचे; त्याच्या पहिल्या गुरूंना ते शिकविणारा कोणी नव्हताच. प्रत्येक जण दुसऱ्याच कुठल्या तरी व्यवसायातून आला आणि येताना त्या व्यवसायाची दृष्टी बरोबर घेऊन आला.

आरंभीचे मानकरी अभियंते आणि गणिती. विलिस वेअर हे विद्युत्-अभियंते. अमेरिकेतील आरंभीच्या संगणकांपैकी एकाच्या उभारणीत त्यांचा हात होता. एकाच यंत्रावर अनेकांनी काम केले, तर एकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका आहे, हे त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1970 साली सविस्तर मांडले. गणितज्ञांनी या विद्येला सांकेतिक लिपीची भक्कम कुलुपे दिली. कुलूप किती बळकट आहे, हे गणिती काटेकोर सांगू शकतो. पण किल्ली कोणाच्या खिशात आहे, याचे उत्तर गणितात सापडत नाही.

ते उत्तर बाजारात आणि पेढीत सापडते. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. परंतु विद्यापीठात शिकविण्यापूर्वी त्यांनी बँकांच्या व्यवसायात काम केले होते. पैसे देणाऱ्या यंत्रांतून होणाऱ्या अफरातफरीचा त्यांनी 1993 साली धांडोळा घेतला. तेव्हा दिसले ते असे, की चोरांनी सांकेतिक लिपी फोडल्याची उदाहरणे विरळाच. बहुतेक ठिकाणी ढिला कारभार, निष्काळजीपणा किंवा आतल्याच माणसाची लबाडी कारणीभूत होती.

क्लिफर्ड स्टोल तर खगोलशास्त्रज्ञ. 1986 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तूट आली. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. आकाशातील सूक्ष्म फरक टिपून ठेवण्याची सवय असलेल्या या गृहस्थांनी महिनोन्‌महिने नोंदवही लिहीत त्या तुटीचा माग काढला आणि तो जर्मनीतील एका घुसखोरापर्यंत जाऊन पोहोचला. त्यांच्या 1989 सालच्या पुस्तकातून पुढे अनेकांनी या विद्येचे पहिले धडे घेतले.

आणखी एक वाट आहे, ती मात्र निर्वेध नाही. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने 2 नोव्हेंबर 1988 रोजी सोडलेल्या आज्ञावलीने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले. 1990 साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. पुढे तोच एका नामांकित संस्थेत संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला. केव्हिन मिटनिक पाच वर्षे तुरुंगात काढून 2000 साली सुटला आणि त्याने लोकांना सावधगिरी शिकविण्याचा व्यवसाय पत्करला. भिंतीला भोक कोठे पडते हे ज्याने पाडले त्याला नक्की ठाऊक असते. परंतु मोडण्याचे कसब म्हणजे राखण्याचे शहाणपण नव्हे, हेही विसरून चालत नाही.

आपल्याकडे पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था निघाली ती महासंगणक उभारण्यासाठी. सुरक्षेचे वर्ग तिने नंतर सुरू केले. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानंतर पोलीस अधिकारी, वकील आणि हिशेबतपासनीसही या विषयाच्या व्यासपीठावर आले. पोलीस पुरावा जपायला शिकवितो, वकील त्याची कायदेशीर किंमत सांगतो, तपासनीस रोजच्या जमाखर्चातील विसंगती दाखवितो.

या साऱ्यांची एकत्र गरज किती आहे, हे पुण्यानेच पाहिले. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये पळविले गेले. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांत पैसे काढले जात होते. त्या मागण्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हत्या. मध्येच उभी केलेली एक खोटी यंत्रणा त्यांना संमती देत होती. जणू घाटावर तोतया उपाध्याय बसावा आणि वही न उघडताच येईल त्याला ‘ओळख पटली’ म्हणावे! अशा वेळी कुलपाचे गणित एकटे पुरे पडत नाही. संमती कोण देतो आहे हे अभियंत्याने पाहावे लागते, आकडा अवेळी का फुगला हे हिशेबनिसाला खटकावे लागते आणि माग पुसला जाण्यापूर्वी पोलिसाला तो धरावा लागतो.

म्हणून ही विद्या शिकू पाहणाऱ्याने गुरूची पदवी अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या शाळेत एकाच व्यवसायातून आलेले अध्यापक असतील, तेथील विद्यार्थ्यांना पहाऱ्याची एकच बाजू दिसेल आणि चोर दुसऱ्या बाजूने येईल. रामघाटावरचा प्रश्न येथेही उपयोगी पडतो : गुरुजी, आपले मूळ गाव कोणते? त्या उत्तरावरून गुरू काय दाखवू शकतील ते कळते. आणि दुसऱ्या कोणाकडून काय शिकायचे राहिले आहे, तेही.