टोमॅटोच्या भाऊबंदकीतली तंबाखू

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरत असतात, सातगाव पठारावर बटाट्याच्या लागवडीची तयारी चाललेली असते, आणि त्याच दिवसांत ३१ मे उजाडतो. जागतिक तंबाखूविरोधी दिन! जुन्नर-आंबेगावकरांना हा दिवस घरचाच वाटायला हवा. कारण टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची आणि तंबाखू ही सगळी एकाच कुळातली.

पहिला दिन मात्र ३१ मे रोजी नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेला ४० वर्षं झाली, म्हणून तो ७ एप्रिल १९८८ ला पाळला गेला. ३१ मे ही तारीख १९८९ पासूनची.

‘तंबाखू आपल्याकडे पूर्वापार आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्याला जुन्नरचा इतिहास सांगा. मलिक अहमदने १४९० मध्ये इथे निजामशाही उभी केली, तेव्हा कोलंबस तंबाखूच्या मूळ घरी, म्हणजे अमेरिकेला, पोचायलाही दोन वर्षं होती. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून एवढा माल वर चढला, त्यात तंबाखूची पुडी नव्हती!

सगळ्यात भारी गोष्ट शेतातली. माणसाला सर्वांत आधी कळलेला विषाणू तंबाखूवरचाच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेला. पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा हा ‘टोबॅको मोझॅक’ टोमॅटोलाही धरतो. वाळवलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं तग धरून राहतो. तळहातावर तंबाखू मळली आणि त्याच बोटांनी रोप लावलं किंवा बगलफूट खुडली, की रोग या झाडावरून त्या झाडावर गेलाच म्हणून समजा. म्हणून टोमॅटोच्या रोपांना हात लावण्याआधी ते साबणाने धुवायला किंवा दुधात बुडवायला सांगतात. विडी ओढणाऱ्यांनाही हाच नियम.

आणखी एक. सेंद्रिय शेतीत कीड मारायला फवारतात त्या अग्निअस्त्रात गोमूत्र, कडुनिंब, मिरची, लसूण यांच्यासोबत तंबाखूही उकळतात. तंबाखूतलं निकोटीन पिकावरचा मावा मारतं. टपरीवर सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून मिळते, त्या पुडीचं नावही मावाच! कीड मारायला फवारतो तेच आपण गालात धरतो, हे मला फार टोचतं.

२०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे, चघळणारे, लावणारे तब्बल २४.४ टक्के. आपली खरी लढाई झुरक्यापेक्षा चिमटीशी आहे. त्यात दात घासायच्या निमित्ताने लावली जाणारी मिश्रीही आली, आणि तिला पुष्कळ घरांत व्यसन म्हणतच नाहीत.

ओढणाऱ्यांसाठी चांगली बातमी. शेवटची विडी विझवल्यावर २० मिनिटांत नाडी उतरू लागते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो.

सोडायला मदत हवी असेल, तर तिचा नंबर पुडीवरच छापलेला असतो : १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. घरात ज्याच्या खिशात पुडी असेल, त्याला आजच लावून द्या.