‘नो यू-टर्न’ची पाटी नाही, मग गाडी वळवता येते का?

दुभाजकात मोकळी जागा आहे आणि ‘नो यू-टर्न’ची पाटी दिसत नाही. म्हणजे गाडी बिनधास्त वळवता येते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

नियम काय सांगतो?
मनाईची पाटी असेल तिथे यू-टर्न घेता येत नाहीच. लाल कडा असलेल्या गोल पाटीवर उलट्या ‘यू’वर तिरकी लाल रेघ असते, ती हीच. पण पाटी नसली तरी वर्दळीच्या रस्त्यावर यू-टर्न नको, ही अट १९८९ च्या नियमांपासून आहे. अखंड रेघ ओलांडून वळणेही नियमबाह्य. सिग्नल लाल असेल तर थांबावेच लागते.

धोका किती?
ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. यू-टर्नला चार सेकंद लागले, तर तेवढ्यात ती जवळपास ६७ मीटर पुढे येते. म्हणून दूर वाटणारी गाडीही प्रत्यक्षात जवळच असते.

योग्य पद्धत कोणती?
- आरशात मागची वाहने पाहा.
- उजवा इंडिकेटर आधीच द्या आणि वेळेत उजव्या लेनमध्ये या.
- समोरून येणाऱ्या वाहनांना आणि पादचाऱ्यांना आधी जाऊ द्या.
- एका दमात गाडी वळेल एवढी जागा असेल तरच वळा.

वळण चुकले तर?
पुढच्या अधिकृत वळणापर्यंत जाणे हाच मार्ग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर पुढच्या एक्झिटलाच बाहेर पडावे लागते. थोडे अंतर वाचवण्यासाठी उलट दिशेने गाडी नेणे यू-टर्नच्या चुकीपेक्षा गंभीर आहे.

दंड किती?
वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. उलट दिशेने धोकादायकरीत्या गाडी चालवल्यास कलम १८४ लागू शकते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

थोडक्यात, पाटी नसणे म्हणजे परवानगी नव्हे. रस्ता मोकळा आहे याची खात्री पटली तरच वळा. नाहीतर पुढचे वळण गाठा.